घशातली फट नेमकी कशासाठी असते?

गिरणाकाठ
मंडळी, प्रश्न जरा विचित्र वाटेल, पण इथं डॉक्टरांपासून भजनीबुवांपर्यंत सगळे येतात म्हणून इथंच विचारतो.

फेब्रुवारीत आईचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, साधी होती, तो घोर मिटला. पण शुद्धीवर आल्यापासून आवाज गेला तो गेलाच. अगदी मुकी नाही झाली, बोलते. पण सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह ढिला झाल्यावर हवा सुटते ना, तसं. तिच्याच शब्दांत सांगतो, "आवाज नही रे आबा, नुसता वारा निंघस."

डॉक्टरांनी नाकातून कॅमेरा घालून पडद्यावर दाखवलं. दोन पांढुरक्या पट्ट्या, एक हालतेय, एक ढिम्म, आणि मधे काळी फट. "ही फट मिटत नाहीये म्हणून आवाज फुटत नाही. सहा महिने वाट बघू." झालं. बाहेर चाळीस पेशंट ताटकळत होते, जास्त विचारायची सोय नव्हती.

आता माझं डोकं चालत नाही ते इथं. मी समजत होतो की घशात तारा असतात आणि तंबोऱ्यासारख्या छेडल्या जातात. मग ही फट काय भानगड आहे? श्वास तिच्यातूनच जातो म्हणता, तर ती मिटल्यावर माणूस गुदमरायला नको का? आणि श्रावणात कानबाईचा, आमच्या खान्देशातल्या देवीचा, सण आहे. आमच्या गल्लीत गाणी आईच सांगते, बाकीच्या बायका तिच्यामागे म्हणतात. ती रोज विचारते, यंदा जमेल का. काय सांगू?

शेवभाजी
पडजीभ म्हणताय का? आमच्या काकांची पडजीभ लांबली होती, त्यांनाही असंच व्हायचं. मीठ लावलं की वर जाते.

खापरावरची
@शेवभाजी, पडजीभ नाही हो. ती तोंड उघडलं की आरशात दिसते. हे प्रकरण पार खाली, कंठमण्याच्या मागे असतं. मीठ तिथं पोचणार नाही, आणि पोचलं तर काकू तुमच्या नावानं खडे फोडतील.

घसाखवखव
धुळ्यात कान-नाक-घसा बघतो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो. पेशंट न बघता औषध सांगणार नाही, फक्त रचना सांगतो.

तंबोरा डोक्यातून काढून टाका. त्याऐवजी आजीच्या बटव्यातला अडकित्ता आठवा. दोन पाती, एका टोकाला खिळ्यानं जोडलेली, दुसऱ्या टोकाला उघडणारी. स्वरयंत्रातल्या दोन घड्या अशाच असतात. पुढचं टोक कंठमण्याच्या आतल्या बाजूला एकत्र बसवलेलं. मागची टोकं दोन इवल्याशा कूर्चांवर, म्हणजे लवचिक हाडांवर, आणि या कूर्चा जागेवर फिरतात आणि सरकतातही. त्या फिरल्या की पाती उघडतात किंवा मिटतात. पात्यांमधली जी मोकळी जागा, ती तुमची फट. पुस्तकात स्वररंध्र म्हणतात, कोणी कंठद्वार म्हणतं. गंमत अशी की ही वस्तूच नाही, रिकामी जागा आहे, आणि तरी सगळा कारभार तिचाच.

लांबी ऐकून हसाल. पुरुषात घडी साधारण २० मिलिमीटर, बाईत १५. फटीचा पुढचा तीन पंचमांश भाग मऊ घड्यांमधला, मागचा दोन पंचमांश कूर्चांमधला. शांत श्वासात ती त्रिकोणी उघडी असते, धावताना आणखी फाकते. बोलायचं ठरवलं की पाती जवळ येतात, खालून फुप्फुसातली हवा दाबते, पाती क्षणभर विलग होतात, हवेची एक फुंकर निसटते, आणि पाती स्वतःच्या लवचिकपणानं आणि त्या वाहत्या हवेच्या ओढीनं परत मिटतात. पुरुषाच्या साध्या बोलण्यात हे सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा, बाईच्या दोनशेच्या आसपास. आवाज म्हणजे त्या फुंकरांची माळ. कोणी तार छेडत नाही. हवा कापली जाते.

आईंचं एक पातं मधोमध येत नाही. दुसरं येतं, पण टेकायला समोर कोणी नाही. हवा कापली न जाता सरळ निघून जाते. वारा निंघस, याहून चांगलं निदान मला लिहिता आलं नसतं.

तुमचा दुसरा प्रश्न, मिटली तर गुदमरायला नको का? बोलताना ती मिटून राहत नाही, उघडझाप करते. पण मिटणं हेच तिचं मूळ काम आहे. ही फट उघडणारी स्नायूंची जोडी एकच आहे, फक्त एक. मिटवणारे आणि ताणणारे स्नायू मात्र बरेच. निसर्गानं पहारेकरी कुठं जास्त ठेवलेत ते बघा.

गिरणाकाठ
डॉक्टरसाहेब, दंडवत. अडकित्ता घरात होताच, आईच्या हातात देऊन सगळं वाचून दाखवलं. तिनं एक पातं बोटानं धरून दुसरं हलवून बघितलं आणि म्हणाली, "म्हंजे एक पातं गंजी गयं."

अहिराणीभो
बठ्ठासले राम राम! आपल्याकडे ळ चा य होतो हे माहीतच आहे, डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया. तसा गळा म्हणजे गया. मी सुरतला असताना मालकाला सांगितलं, "मन्हा गया बठना." तो म्हणे, कौन गया, कहाँ बैठा?

शेवभाजी
खिक्. मीठ परत घेतलं.

मिरचीपथारी
नंदुरबारकर बोलतोय. डॉक्टरांनी मिटण्याचं म्हटलं ते मला रोज दिसतं. आमच्याकडे हंगामात मिरचीच्या पथाऱ्यांवर लाल गालिचा पसरलेला असतो. वारा फिरला की पहिल्यांदा आलेला माणूस दोन पावलांत दुमडतो. ठसका म्हणजे नेमकं काय असतं ते मला एका डॉक्टर मित्रानं समजावलं होतं. आधी खोल श्वास आत, मग ही फट गच्च बंद, मग पोटाचे आणि बरगड्यांचे स्नायू खालून हवा दाबतात, आणि मग फट एकदम सुटते. प्रेशर कुकरची शिट्टी म्हणा ना. फट बंदच झाली नाही तर दाब साठणार कुठं?

म्हणून एक विचारतो. काकूंचा खोकला कसा येतो? खणखणीत, की फुसका?

गिरणाकाठ
फुसका. "हाऽऽ" असा लांब निघतो. गोठ्यातली गाय खोकते तसा. आम्ही घरात हसलो होतो त्यावर. आता वाईट वाटतंय.

घसाखवखव
वाईट वाटून घेऊ नका. आमच्या पुस्तकातही त्याला गायीचाच खोकला म्हणतात.

सावदा_लोडिंग
केळीच्या गाडीवर हमाली केलीय म्हणून दोन शब्द. घड खांद्यावर घेताना माणूस श्वास कोंडतो आणि ठेवताना "हूं" करून सोडतो. ते कोंडणं ह्या फटीचंच काम का? मी इतकी वर्षं समजत होतो की पोट आवळतो.

घसाखवखव
दोन्ही. पोट आवळलं तरी वरचं झाकण उघडं असेल तर छाती ताठ राहत नाही. फट बंद झाली की छातीत कोंडलेली हवा टायरसारखी कडक होते आणि हातांना टेकू मिळतो. शौचाला कुंथताना, बाळंतपणात कळ देताना हेच. गिरणाकाठ, आई पाण्याचा हंडा उचलताना दमतात का?

गिरणाकाठ
हो. आम्हाला वाटलं ऑपरेशनचा अशक्तपणा.

वैयाकरण
जरा अवांतर, पण फार अवांतर नाही. आपल्याकडच्या शिक्षाशास्त्रानं, म्हणजे उच्चारांच्या जुन्या शास्त्रानं, ही फट आरसा न घालता ओळखली होती. तैत्तिरीय प्रातिशाख्यात, वेदाच्या उच्चारांवरच्या जुन्या ग्रंथात, सांगितलंय की कंठ मिटलेला असताना नाद होतो, उघडा असताना श्वास, आणि मधल्या अवस्थेत हकार. घोष आणि अघोष वर्णांचा सगळा फरक इथंच आहे. गळ्यावर बोट ठेवून "स्स्स" म्हणा, मग "म्म्म" म्हणा. पहिल्यात शांतता, दुसऱ्यात गुणगुण. पहिल्यात फट उघडी, दुसऱ्यात पाती थरथरतायत.

आणि ह तर खासच. मराठीतला ह हा नुसता श्वास नाही, त्यात थोडा नादही असतो, म्हणजे पाती थरथरतायत पण नीट मिटलेली नाहीत. घ, झ, ढ, ध, भ यांच्या शेपटीतही तीच हवा असते. परंपरा ह ला कंठ्य म्हणते, हिंदीतले भाषाशास्त्रज्ञ काकल्य, म्हणजे या फटीतून निघणारा, म्हणतात आणि ते जास्त नेमकं आहे. गिरणाकाठ यांच्या आईंची फट सतत या मधल्या अवस्थेत अडकली असणार. त्यांचे स्वर ह कडे झुकलेले ऐकू येतात का?

गिरणाकाठ
सर, अंगावर काटा आला. आई मला आबा म्हणते. हल्ली ते "हाबा" ऐकू येतं. माझी पोरगी तिची नक्कल करते, आम्ही तिला दटावतो.

सूर_निरागस
मी संगीत विशारद आहे. माझा सल्ला, काकूंना तीन महिने आवाजाला पूर्ण विश्रांती द्या. बोलायचंच झालं तर कुजबुजत. सोबत ज्येष्ठमध, खडीसाखर. आमच्या गुरुजींनी असेच कित्येक आवाज परत आणले.

घसाखवखव
इथं मात्र असहमत. कुजबुजणं म्हणजे विश्रांती नव्हे. कुजबुजताना पुढची पाती ताणून जवळ धरली जातात आणि मागच्या बाजूनं छोटा त्रिकोण उघडा राहतो, त्यातून हवा खरवडत जाते. सुजलेल्या घशाला बऱ्याच जणांत त्याचा उलट त्रास होतो. आणि ही केस सुजेची नाहीच. इथं पात्याला हुकूम देणारी नस रुसलीय. ज्येष्ठमधानं नस जागी होत नाही. घसा ओला राहील, गोड लागेल, इतकंच.

सूर_निरागस
डॉक्टर, तुमच्याकडे यंत्रं असतील, पण आवाज जाणून घ्यायचा तर गाणाऱ्यालाच विचारावं लागतं.

घसाखवखव
मान्य, आणि मनापासून मान्य. जिवंत माणसाची ही फट हलताना नीट बघून तिचं शास्त्रशुद्ध वर्णन केलं ते कोणा डॉक्टरनं नाही, एका गाणं शिकवणाऱ्यानं. मान्युएल गार्सिया. १८५४ साली पॅरिसमध्ये दंतवैद्याचा दांडीवाला छोटा आरसा स्वतःच्या घशात धरला, दुसऱ्या आरशानं ऊन आत पाडलं आणि स्वतःचीच पाती उघडताना-मिटताना पाहिली. माणूस १०१ वर्षं जगला. आम्ही आजही त्याच आरशाचे वारसदार आहोत. पण ज्येष्ठमधाचं मत बदललेलं नाही.

सूर_निरागस
बरं. कुजबुज मागे घेते. खडीसाखर राहू द्या.

शहादा_स्वार
नस म्हटल्यावर राहवलं नाही. आमच्या घरी घोडी असतात, दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला दरवर्षी जाणं. मामा घोडा पसंत केला की लगेच पैसे द्यायचे नाहीत. आधी दौडवायचे आणि मग कान लावून श्वास ऐकायचे. काही उंच घोड्यांचा श्वास आत घेताना घरघरतो, शिट्टीसारखा किंवा करवतीसारखा. पशुवैद्यानं सांगितलं की त्यांची डाव्या बाजूची हीच नस कमजोर होते. घोड्याचं पातं उघडतच नाही, धावताना हवा पुरत नाही. काकूंचं मिटत नाही, घोड्याचं उघडत नाही. नस एकच का?

घसाखवखव
एकच. उघडणाऱ्या आणि मिटवणाऱ्या दोन्ही कामगारांचा पगार तीच वाटते. आणि डावीच का, ते ऐका. ही नस मेंदूकडून येते, स्वरयंत्राच्या बाजूनं सरळ खाली छातीत जाते, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीखालून वळसा घालते आणि परत वर चढते. अमळनेरहून धरणगावला जायचं आणि गाडी नाशिक फिरवून न्यायची, तसं. उजवी जरा लवकर वळते. जिराफात तर ही फेरी काही मीटरची होते. इतक्या लांबच्या रस्त्यावर कुठंही खोळंबा होऊ शकतो, म्हणून डाव्या पात्याचं कारण सापडत नसलं की आम्ही छातीचाही फोटो काढतो. परत वर चढताना ती थायरॉइडला अगदी चिकटून जाते. तिथं सर्जन कितीही जपून असला तरी नस ताणली जाऊ शकते. ताणलेली नस बऱ्याचदा सहा महिने ते वर्षभरात जागी होते. म्हणून ते "वाट बघू".

खापरावरची
माझी उचकीची शंका राहिली. आठवण काढणाऱ्याचं नाव घेतलं की थांबते तो भाग वेगळा ठेवा.

घसाखवखव
पोट आणि छातीमधला पडदा आचका देतो, हवा आत ओढली जाते आणि क्षणार्धात फट धाडकन बंद होते. "हिच्च" हा दार आपटल्याचा आवाज. आठवण कोणी काढली ते दाराला माहीत नसतं.

वाचा_जळगाव
उशिरा येतेय. मी वाचा आणि गिळणं यांचे व्यायाम घेते. इथं सगळे आवाजावर बोलताय, मला एकच विचारायचंय आणि गिरणाकाठ यांनी खरं उत्तर द्यावं. आई पाणी कसं पितात?

गिरणाकाठ
म्हणजे? पेल्यानं.

वाचा_जळगाव
ठसका लागतो का? चहा पिणं कमी झालंय का? जेवताना बाकीच्यांबरोबर बसतात का?

गिरणाकाठ
ताई, तुमचं वाचून आईला विचारलं. ती आधी टाळत होती. मग बायकोनं सांगितलं. पाण्याचा घोट घेतला की ठसका लागतो, म्हणून आई दिवसभर पाणीच पीत नाही. चहा दारात कोणी असलं की नको म्हणते. पंगतीत बसत नाही, सगळ्यांचं झाल्यावर स्वयंपाकघरात एकटी जेवते. मला वाटायचं आवाजामुळे लाजते. मे महिना चालू आहे, इकडे पारा ४४ वर आणि ती दोन पेले पाण्यावर आहे.

वाचा_जळगाव
हेच वाटलं होतं. गिळताना स्वरयंत्र वर उचललं जातं, वरचं पानासारखं झाकण मागे दुमडतं, पण शेवटची कडी ही फटच. ती मिटली नाही की पाण्याचा थेंब श्वासनळीत. सापाचंच बघा, अख्खा उंदीर गिळताना तो श्वासाचं भोक नळीसारखं पुढे काढून ठेवतो, म्हणजे गिळणंही चालू आणि श्वासही. आपल्याला ती सोय नाही, आपल्याला दार लावूनच गिळावं लागतं. पातळ पदार्थ जास्त त्रास देतात कारण ते वेगानं पळतात. भाकरीचा घास त्यामानानं शहाणा असतो.

आधी त्यांना कोणाकडून तरी तपासून घ्या. मग ठरवता येईल की मान कुठं वळवायची. बऱ्याच जणांना मान कमजोर बाजूला वळवून गिळलं की जमतं, पण हे बघून ठरवायचं असतं, वाचून नाही. ताप आला किंवा जेवल्यावर छातीत घरघर वाटली तर थांबू नका. आणि एक साधी मोजणी करा. पूर्ण श्वास घेऊन "आ" किती सेकंद टिकतो? धडधाकट माणसाचा पंधरा-वीस सहज जातो.

गिरणाकाठ
चार. दोनदा मोजला. चारच.

घसाखवखव
वाचाताईंना सलाम. आवाजाच्या नादात मीही पाण्याचं विचारायला विसरलो, आणि ते मी पहिलं विचारायला हवं होतं.

वाट बघणं म्हणजे हातावर हात ठेवणं नव्हे, हेही लिहून ठेवतो. मधल्या काळात ढिम्म पात्यात फुगवणारं इंजेक्शन देऊन ते मधे सरकवता येतं. वर्षभरात नस जागी झाली नाही तर कंठमण्याच्या कूर्चेला छोटी खिडकी पाडून आतून पाचर बसवतात. जपानच्या इशिकींनी १९७४ साली ही पद्धत मांडली. सुताराचंच काम आहे, दार चौकटीला टेकत नसेल तर मागे पट्टी ठोकायची. आणि कधी कधी यातलं काहीच लागत नाही, चांगलं पातं मधली रेषा ओलांडून शेजाऱ्याला भेटायला जातं.

दोन्ही पाती मधोमध अडकली असती तर आवाज बराच चांगला राहिला असता, पण श्वास अडला असता आणि रात्रीतून गळ्याला भोक पाडावं लागलं असतं. हे आईंना सांगू नका, तुमच्यापुरतं.

मास्तर_चोपडा
वाचतोय. पस्तीस वर्षं साठ पोरांच्या वर्गात ओरडून माझ्या पात्यांवर दोन्हीकडे समोरासमोर घट्टे पडलेत, हातावर कुदळीचे पडतात तसे. ते मधे अडकतात आणि फट पुढं-मागं उघडी राहते. निवृत्तीनंतर बायको म्हणते, आता हळू बोलता ते बरं वाटतं.

गिरणाकाठ
धागा वर काढतोय. कानबाई झाली.

जूनपासून जळगावला व्यायामाला नेतोय. मान डावीकडे वळवून पाणी पिते, पेला नाही, चमच्यानं सुरुवात केली होती, आता वाटीनं. पंगतीत बसते. "आ" अकरा सेकंदांवर आलाय.

कानबाईच्या रात्री तिनं गाणी सांगितली नाहीत. शेजारच्या काकूंनी सांगितली. त्या मधेच कडवं विसरल्या, सगळ्या गप्प झाल्या, आणि आईनं पुढचे दोन शब्द टाकले. घोगरे होते, पण शब्द होते, वारा नव्हता. मग परत गप्प बसून टाळ्या वाजवत राहिली. प्रसादाच्या रोटाचा घास मात्र सगळ्यांच्या आधी खाल्ला.

सूर_निरागस
डोळ्यांत पाणी. काकूंना खडीसाखर माझ्याकडून.

अहिराणीभो
रोट आमले बी धाडा.

गिरणाकाठ
शेवटची खबर देतो. काल घरी ठेच्याला मिरच्या तव्यावर भाजत होते. आम्ही सगळे खोकत अंगणात पळालो. मागून स्वयंपाकघरातून एक खोकला आला, खाडकन, भांडं आदळावं तसा. बायको आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. आई पदर नाकाला लावून बाहेर आली आणि आम्हालाच ओरडली, "आबा, खिडकी उघड ना रे!"

हाबा नाही. आबा.

मिरचीपथारी
मिरची कुठली होती?

गिरणाकाठ
तुमचीच. नंदुरबारची.